दत्तोपंतांची एकादशी

१

डबा उघडला तेव्हा आत चंद्रहार नव्हता. चंद्रहाराच्या आकाराचा खळगा मात्र लाल मखमलीवर अगदी रेखीव उमटला होता. एखादी गोष्ट वर्षानुवर्षं एकाच जागी बसून राहिली की अशी छाप पडतेच. शिक्षणखात्यातल्या खुर्च्यांवरही ती पाहायला मिळते.

अंबूताईंनी डबा उलटा करून झटकला, कंदिलाजवळ नेऊन पुन्हा पाहिला आणि झाकण लावून टाकलं. मुलींच्या शाळेत अर्धं आयुष्य गणित शिकवल्यामुळे, नसलेल्या वस्तूकडे टक लावून पाहिल्यानं ती येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पेन्सिली, रिबिनी, डब्यातले लाडू, एकदा तर चक्क शाळेची घंटा, असं काय काय त्यांनी शोधून काढलं होतं. धारवाडचे फौजदार त्यांना रस्त्यात पाहिलं की नमस्कार करून पलीकडच्या बाजूला जात.

"काय झालं, आत्या?" श्रीकांतनं विचारलं. श्रीकांत हा दत्तोपंतांचा पुतण्या. हुबळीला वकिली करायचा.

"हार नाही."

"चोरी!" त्याची बायको वेणूबाई ओरडली. वेणूबाईंना दमा होता, पण ओरडण्यापुरता तो नेहमी बाजूला होई. त्या दगडी, बिनखिडकीच्या कोठीत तो आवाज चारी भिंतींवर आपटला आणि बाहेरही गेला.

बाहेर धोंडिबा उभा होता. हा अळणावरकडचा, घराची बाग त्याच्याकडे. कोठीचं दार उघडं राहावं म्हणून बाहेरचा लोखंडी दांडा दाबून धरायचं काम आज त्याला दिलेलं होतं. मालकीणबाई ओरडल्या म्हटल्यावर इमानी माणसानं जे करायचं ते त्यानं केलं. दांडा सोडला आणि धावत आत आला.

"काय झालं जी?"

त्याच्या पाठीमागं दार मिटलं. मोठा आवाजसुद्धा झाला नाही; तेल दिलेलं होतं.

श्रीकांत सगळ्यांच्या आधी दाराशी पोचला. त्यानं भिंतीतली पितळी मूठ धरली, कपाळावर शीर उमटेपर्यंत जोर केला, आणि वळून म्हणाला, "नाही हलत. अडकलो."

कोपऱ्यात उभ्या असलेल्या जयलक्ष्मीनं, इथल्या स्वयंपाकिणीनं, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला.

२

अंबूताईंचे चुलतभाऊ दत्तोपंत रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले आणि हुबळी सोडून धारवाडला, केलगेरीच्या वाटेवर वस्तीपासून जरा लांब घर बांधून राहिले. निवृत्तीनंतर बरेच लोक गीतेकडे वळतात. दत्तोपंत दाराकडे वळले.

"गाडी आत घ्यायला काय लागतं?" ते म्हणत. "बाहेर सोडायला अक्कल लागते."

त्यांच्या कोठीचं दार या तत्त्वावर बांधलेलं होतं. बाहेरून साधं कुलूप, आणि किल्ली तिथंच खिळ्याला. कुणीही यावं, उघडावं, आत जावं. आत गेलं की लोखंडी वजनाच्या ओढीनं दार आपोआप मिटे. दगड, पाचर, दोरखंड, कशालाही ते दाद देत नसे. पैजा लावून लोक आले आणि हात चोळत गेले. बाहेरचा दांडा कुणी माणसानं दाबून धरला तरच ते उघडं राही.

आतून बाहेर पडायचं तर भिंतीत सहा दांडे होते, सिग्नलच्या केबिनीत असतात तसे, आणि शेजारी एक पितळी मूठ. दार मिटलं की सहाही दांडे उसळून वर जात. मग त्यांतले ठरलेले तेवढे खाली घ्यायचे, बाकीचे वर राहू द्यायचे, आणि मूठ ओढायची. बरोबर जमलं तर दार उघडे. एक दांडा कमीजास्त झाला तर चोर आत, दत्तोपंत बाहेर आरामखुर्चीत, आणि फौजदार येईपर्यंत चहा.

दांड्यांवर रंगानं नावं लिहिली होती: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. दत्तोपंत खवय्ये होते. कोठीची जुळणी ते अधूनमधून बदलत आणि पदार्थाच्या नावानं ध्यानात ठेवत. "सध्या पन्हं आहे," असं ते म्हणाले की गोड, आंबट आणि खारट खाली, बाकीचे तीन वर. कारल्याच्या भाजीच्या दिवसांत ते स्वतःच दोनदा आत अडकले होते, कारण तिच्यात गूळ घातलेला चालतो की नाही यावर त्यांचं स्वतःशीच एकमत होत नव्हतं.

महिन्यापूर्वी ते गेले. जाण्याच्या आठवडाभर आधी अंथरुणाशी श्रीकांत, वेणूबाई, जयलक्ष्मी आणि अंबूताई अशी चौघं बसलेली असताना अंबूताईंनी विचारलं होतं, "दत्तूअण्णा, कोठीला आता काय लावलंयस?"

"एकादशी," दत्तोपंत म्हणाले, आणि इतके हसले की खोकल्याची उबळ आली. त्यानंतर त्या विषयावर काही बोलायला त्यांना सवड मिळाली नाही.

घर त्यांनी श्रीकांतला ठेवलं होतं. आपल्या दिवंगत बायकोचा चंद्रहार मात्र मुलींच्या शाळेला, प्रयोगशाळा बांधायला दिला होता. तो घ्यायलाच आज शाळेतर्फे अंबूताई आल्या होत्या.

"एकादशी म्हणजे खिचडी," श्रीकांत म्हणाला. "खारट, तिखट, गोड."

अंबूताईंनी तीन दांडे खाली घेतले. "धोंडिबा, तुझा हात चांगला आहे. तू मूठ ओढ."

धोंडिबानं ओढली. काही झालं नाही.

"लिंबू पिळत असतील," वेणूबाई म्हणाल्या. आंबटही खाली घेतला. काही झालं नाही.

"थांबा," श्रीकांत म्हणाला. कोर्टात तो जसा बोटं जुळवून उभा राहात असेल तसा उभा राहिला. "आपण उगाच धडपडतोय. जरा विचार करू. आत येणं सोपं, बाहेर जाणं अवघड. चोर आत आला आणि हार घेऊन बाहेर गेला. म्हणजे चोराला जुळणी ठाऊक होती. आम्हांला ठाऊक नाही. तेव्हा आता जो कुणी हे दार उघडून दाखवील," त्यानं जयलक्ष्मीकडे पाहिलंही नाही, इतकं ते उघड होतं, "तो चोर."

जयलक्ष्मीचे ओठ हलले. मग ते तिनं मिटून घेतले.

३

जयलक्ष्मी ही गावातल्या बाळाचार्यांची मुलगी. लग्नानंतर वर्षभरातच तिचा नवरा कुठंसा निघून गेला होता, आणि तो सापडेपर्यंत हिनं आपल्याकडे भांडी घासावीत असं सासरच्यांचं मत होतं. ती माहेरी राहून शिकली, आणि शेवटची दोन वर्षं दत्तोपंतांचा स्वयंपाक करत होती. येत्या सोमवारी ती अंबूताईंच्या शाळेत मास्तरीण म्हणून रुजू व्हायची होती. बाळाचार्यांनी परवानगी दिली होती. म्हणजे नाही म्हणता म्हणता एकदा दमून गप्प बसले होते. चोरीचा नुसता वास जरी लागला तरी शाळेची कमिटी दार लावून घेणार होती आणि सासरची बैलगाडी दाराशी येऊन उभी राहणार होती.

हे कोठीतल्या पाचांनाही माहीत होतं. आणि श्रीकांतच्या युक्तिवादातली मेख अंबूताईंच्या ध्यानात आली. दार उघडलं तर जयलक्ष्मी चोर ठरणार. नाही उघडलं तर या घरात रोज येणारी तीच, म्हणून संशय तिच्यावरच. एका खोलीला दोन दारं असावीत आणि दोन्ही विहिरीत उघडावीत, तशी ही सोय होती.

आत उकडत होतं. छताजवळ विटेएवढं एक भोक होतं, पण ते दत्तोपंतांनी उंदरांसाठी जाळी मारून जवळजवळ बुजवलेलं. श्रीकांतनं खिशातून रुमाल काढला, तांदळाच्या कणगीवर पसरला आणि त्यावर बसला. "संध्याकाळी आचार्य मुलीला न्यायला येतीलच," तो म्हणाला. "तोवर धीर धरायचा."

"संध्याकाळ व्हायला अजून अख्खी दुपार आहे," अंबूताई म्हणाल्या. "वेणूचं काय?"

वेणूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. प्रत्येक श्वासाबरोबर आतून बारीक शिट्टी येत होती. तोंड मात्र चालू होतं, कारण गप्प बसलं की त्यांना जास्त त्रास होई. "सकाळीच मी म्हणत होते... आज नको जाऊ या. टांगा कमरीपेठेत थांबवला यांनी... वहाणेचा अंगठा शिवायला म्हणून. अर्धा तास मी टांग्यात... धुळीत."

अंबूताईंनी श्रीकांतच्या पायांकडे पाहिलं. पायांत काळे चकचकीत बूट होते.

"अंगठा शिवला का रे?"

"चांभार नव्हता जागेवर," श्रीकांत म्हणाला. "आत्या, आत्ता माझ्या वहाणेची चौकशी?"

"वेळ जायला बरी असते," अंबूताई म्हणाल्या आणि तेवढ्यावर सोडून दिलं. "असू दे. मला एक सांगा. दत्तूअण्णाच्या मनातली एकादशी काढायची आहे. तुमच्याकडे एकादशीला काय असतं?"

या प्रश्नानं वेणूबाईंचा श्वास क्षणभर सुधारला. "खिचडी असतेच. वऱ्याचे तांदूळ, त्यावर दाण्याची आमटी. रताळ्याचा कीस. बटाट्याचा निराळा. काकडीची कोशिंबीर... राजगिऱ्याचे लाडू. आणि दुपारी उपास सोसवत नाही म्हणून... थोडा शिरा."

"शिरा रव्याचा?" 

"शिंगाड्याचा. रव्याचा कसा चालेल... उपास असतो ना."

"धोंडिबा, तुझ्याकडे?"

"आमच्यात शेंगा भाजत्यात आन् रताळी उकडत्यात, अक्का. आमची हिराबाई म्हनते, एकादस आली की घरातला दाना वाचतो. पर शेंगांचं पोतं संपतंय त्याचं काय?"

"जया, तुझ्याकडे?"

जयलक्ष्मी खाली पाहात होती. "आमच्याकडचं वेगळं असतं, अक्का," ती म्हणाली.

"काय वेगळं?" श्रीकांतनं चटकन विचारलं. रुमालावरून तो किंचित पुढं सरकला होता. "सांग ना. काय लावायचं ते सांग. धोंडिबा दांडे ओढील."

जयलक्ष्मीनं त्याच्याकडे पाहिलं. मग अंबूताईंकडे. "बेडा," ती कानडीत पुटपुटली. नको. आणि तोंड भिंतीकडे केलं.

त्या पोरीला काहीतरी माहीत होतं. वर्गात बोट वर न करणाऱ्या मुलीची मान अंबूताई ओळखत. पण श्रीकांतलाही ते माहीत होतं, आणि तो तिच्या उत्तराची वाट पाहात होता. बाहेर पडायची घाई असलेला माणूस असा वाट पाहात नाही. मांजर पाहतं.

वेणूबाईंच्या शिट्टीचा सूर वर चढला.

४

"ठीक आहे," अंबूताई उठल्या. "कुणी काही सांगू नका. आपण सगळ्याच लावून बघू."

"सगळ्या?" श्रीकांत हसला. "आत्या, किती होतील माहीत आहे?"

"त्रेसष्ट," अंबूताई आणि जयलक्ष्मी एकदमच म्हणाल्या.

हे उत्तर धारवाडात शिकलेल्या कुणालाही पाठ असतं. सहा चवी, त्यांतली एकेक घेतली तर सहा प्रकार, दोन-दोनच्या जोड्या पंधरा, तीन-तीनचे वीस, चारांचे पुन्हा पंधरा, पाचांचे सहा, आणि सगळ्या मिळून एक. वैद्य हे शिकतात, शास्त्री शिकवतात, आणि गणिताच्या मास्तरणी परीक्षेत घालतात. बेरीज त्रेसष्ट. सहा चवींतून त्रेसष्टांहून अधिक प्रकारचं जेवण ब्रह्मदेवालाही वाढता येत नाही.

अंबूताई दांडे लावायच्या, धोंडिबा मूठ ओढायचा, आणि जयलक्ष्मी एकेक जुळणी मोठ्यानं म्हणत राहायची, म्हणजे एकही दोनदा होऊ नये आणि एकही गळू नये. जयलक्ष्मीनं हे काम सांगितल्याबरोबर घेतलं. जुळणी म्हणायला हरकत नव्हती. कुठली बरोबर ते सांगायचं नव्हतं.

"नुसतं गोड."

मूठ. काही नाही.

"नुसतं आंबट."

मूठ. काही नाही.

एकेकटे संपले, जोड्या लागल्या. गोड-आंबट, गोड-खारट, गोड-तिखट. धोंडिबानं सदरा काढून कमरेला बांधला. तिकड्यांच्या मध्यावर त्याच्या तळव्याला फोड आला, तेव्हा त्यानं पंचा गुंडाळून घेतला. "धाकल्या साहेबांनी जरा हात लावला तर," तो एकदा म्हणाला, पण धाकटे साहेब बायकोला टोपीनं वारा घालण्यात गुंतले होते. दर वेळी मूठ ओढली जाई तेव्हा सगळ्यांचे श्वास थांबत. वेणूबाईंचा तसाच अडकलेला होता.

तिकड्या संपल्या. चौकड्या संपल्या. कंदिलाची काच काळी झाली आणि ज्योत बुटकी झाली. ती तेलानं झाली की हवेनं, हे कुणी विचारलं नाही.

"गोड सोडून बाकी पाच," जयलक्ष्मी म्हणाली. तिचा आवाज बसला होता. पाचांचेही सहा प्रकार झाले.

"आता सगळे."

अंबूताईंनी सहाही दांडे खाली घेतले. पंचपक्वान्नांचं भरगच्च ताट. धोंडिबानं देवाचं नाव घेतलं, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि ओढली.

काही झालं नाही.

धोंडिबा मटकन खाली बसला. "अय्यो. मंग दारच बिघडलंय, अक्का. संपलं."

वेणूबाईंचे ओठ निळसर दिसत होते. त्यांनी नवऱ्याच्या बाहीला धरलं. "अहो... काहीतरी करा ना."

"काय करणार?" श्रीकांत म्हणाला. "सगळ्या झाल्या. थोडा दम धर."

दम धर, असं दमेकऱ्याला म्हणणारा माणूस अंबूताईंनी प्रथमच पाहिला.

५

दत्तोपंत विक्षिप्त होते, खादाड होते, पण त्यांचं दार बिघडणं शक्य नव्हतं. सिग्नल बिघडला तर माणसं मरतात, या एकाच गोष्टीवर ते आयुष्यभर गंभीर राहिले होते. दार ठीक होतं. मग चूक मोजण्यात होती.

अंबूताईंनी दांड्यांकडे पाठ केली आणि मोजणी मुळापासून, दुसऱ्या वाटेनं धरली. चवी विसरायच्या. लोखंडाचे दांडे आहेत. दांड्याला दोनच गोष्टी येतात, वर राहणं आणि खाली येणं. एक दांडा, दोन तऱ्हा. दुसरा आला की त्या दोनांतल्या प्रत्येकीच्या दोन, चार. तिसऱ्यानं आठ. सोळा. बत्तीस. सहावा दांडा.

"चौसष्ट," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

जयलक्ष्मीनं मान वर केली.

"आपण त्रेसष्ट लावल्या," अंबूताई म्हणाल्या. "एक राहिली. ती पाठांतरात कधीच नसते, कारण ती जेवणाची नाही. सहांपैकी एकही चव न घेणं. सगळे दांडे वर." त्या थांबल्या. "जया, बाळाचार्यांकडे एकादशीला काय असतं ते मी सांगते. उभ्या गल्लीला माहीत आहे. चूल पेटत नाही. पाण्याचा थेंब घेत नाहीत. आवंढा गिळावा की नाही यावर तुझे वडील आणि तुझे काका गेली दहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. आणि दत्तूअण्णा दोन वर्षं तुझ्या हातचं जेवत होता. एकादशीला तू यायची नाहीस. त्याच्या ताटात काय पडायचं?"

"काही नाही, अक्का," जयलक्ष्मी म्हणाली. "ते म्हणायचे, आजचं पान फार साधं आहे."

"आणि हे तुला केव्हा सुचलं?"

"दार मिटलं तेव्हाच." ती आता सरळ बघत होती. "पण यांनी तर मूठ ओढून पाहिली होती. नाही हलत म्हणाले. म्हणून वाटलं माझंच चुकलं. आणि मग ते चोराचं बोलले."

"ऐकलंत?" श्रीकांत उठून उभा राहिला. "तिला ठाऊक होतं. स्वतःच्या तोंडानं कबूल करतेय. मी काय म्हणत होतो?"

"तू म्हणत होतास, जो उघडील तो चोर," अंबूताई म्हणाल्या. "कोर्टात तुझं असंच होत असणार, वाक्य छान, अर्थ उलटा. उघडणं हा गुन्हा नव्हे रे. न उघडणं आहे. हे बघ. त्रेसष्ट वेळा मूठ धोंडिबानं ओढली, आम्ही सगळ्यांनी पाहिली. त्यांतली एकही लागली नाही. उरली एक, सगळे दांडे वर. ती सगळ्यांच्या आधी एका माणसानं करून पाहिली. दार नुकतंच मिटलं होतं, दांडे वर होते. त्यानं मूठ धरली आणि आम्हांला सांगितलं, नाही हलत. चौसष्टांपैकी या एकीलाच साक्षीदार तू एकटा आहेस."

वेणूबाईंची शिट्टी तेवढी चालू होती.

"मी ओढली होती," श्रीकांत म्हणाला. "जोर लावून ओढली. तुम्ही पाहिलंत."

"शीर फुगलेली पाहिली. शीर फुगवायला मूठ ओढावी लागत नाही, नुसती धरली तरी पुरते. तू खिचडीचा हिशेब करून एकटाच आत शिरला असशील कधीतरी. खिचडी लागली नाही. काय काय लावून पाहिलंस कोण जाणे. शेवटी घाबरून सगळे दांडे वर सारलेस आणि मूठ धरून रडकुंडीला आलास, आणि दार उघडलं. घाबरटाला जे सुचलं तेच उत्तर होतं. मग आज जयाला बोलतं करायचं होतं. ती बोलली असती तर चोर सापडला असता, नसती बोलली तर संध्याकाळी आचार्य आलेच असते. बसायला रुमालही आणला होतास."

"हा सगळा तर्क आहे, आत्या. पुरावा नाही. दार उघडलंच नाही तर?"

"तर तू खरा, आणि मी भर कमिटीपुढं तुझी माफी मागेन." अंबूताईंनी एकेक करून सहाही दांडे वर सारले. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. ताट स्वच्छ झालं. "धोंडिबा, ओढ."

धोंडिबा हात फुंकत उठू लागला. पण त्याच्या आधी वेणूबाई उठल्या. भिंतीला धरत, एकेक पाऊल थांबत त्या दाराशी गेल्या. श्रीकांत "वेणू, तू बस," म्हणत पुढं झाला, आणि त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो जागीच राहिला.

त्यांनी मूठ ओढली. एका हातानं, तीही दमेकऱ्याच्या.

दार उघडलं. मोठा आवाजसुद्धा झाला नाही; तेल दिलेलं होतं.

उन्हाचा पट्टा आत आला. वेणूबाई उंबऱ्यापलीकडे जाऊन ओसरीच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिल्या. जयलक्ष्मी त्यांना धरायला गेली. धोंडिबानं बाहेर उडी मारून पहिल्यांदा तो लोखंडी दांडा पकडला आणि त्यावर सगळं अंग टाकलं. या जन्मी तो आता तो सोडणार नव्हता.

"मी तिथं मरत होते," वेणूबाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. इतक्या हळू बोलताना त्यांना कुणी ऐकलं नव्हतं. "आणि दार उघडं होतं."

श्रीकांत आतच उभा होता. "वेणू, ऐक तर. घर अंगावर आलंय, डागडुजीला..."

"कमरीपेठेत कुठला सोनार?"

श्रीकांत कणगीवरचा रुमाल उचलू लागला.

"आत्या, टांगा करून द्या मला," वेणूबाई म्हणाल्या. "मी ज्या कोपऱ्यावर धुळीत बसले होते तो मला चांगला आठवतो. वितळवला नसेल अजून. चला, तुम्हीही चला."

अंबूताईंनी खिळ्यावरची पिशवी खांद्याला अडकवली. "जया, सोमवारी साडेदहा. उशीर झाला तर हेडबाई घड्याळाकडे बघतात, ते मला आवडत नाही."

"हो, अक्का."

"आणि सहा चवींचं गणित तू शिकव. माझं जरा कच्चं आहे."

ओसरीवरून उतरताना त्यांनी मागं वळून पाहिलं. श्रीकांत कणगीजवळ उभा होता, आणि रुमाल घडी करत होता. बायको, आत्या, बाळाचार्यांची मुलगी आणि घरचा गडी, असे चौघं बाहेर उन्हात उभे होते, आणि त्यांच्यामधून गेल्याखेरीज त्याला फाटकाकडे वाट नव्हती.

"धोंडिबा, सोड तो दांडा. चहा घे. हातांना लोणी लाव."

"पर अक्का, धाकले साहेब आत हायती. दार मिटंल की."

"मिटू दे. उघडंच आहे ते. त्याला माहीत आहे."

धोंडिबानं दांडा सोडला. दार मिटलं. टांगा येईपर्यंत ते उघडलं नाही, आणि तिन्हीसांजेला बाळाचार्य मुलीला न्यायला आले तेव्हाही ते तसंच होतं.